जिथं बर्फ धरत नाही

चिलिंग, १४ जून २००७

आचे,

जुले. हे पत्र आणणाऱ्या ट्रकवाल्याला चहा पाज, छांग देऊ नकोस. त्याला परत खिंड चढायची आहे. ट्रकवर रबराच्या नावा घडी करून बांधल्यात. पाव्हणे पादुमला नावेत बसतील आणि तुझ्या पिदमोवरून खाली येतील, तेव्हा उत्तर सुकबहादूरच्या हाती दे. तो नेपाळी, आमचा मुख्य नावाडी, केसाला लाल फडकं बांधतो. माझं पत्र रस्त्यानं तीन दिवस चढतं, तुझं नदीनं तीन दिवसांत उतरतं. पोस्टमन झोपला तरी आपलं अडत नाही.

आता ऐक. थोरली म्हणून ओरडू नकोस, मी वल्ही धरलीत.

पैसे घेऊन पाव्हण्यांना नदी दाखवणाऱ्या या टुंडुपच्या तळावर नऊ वर्षं स्वयंपाक केला. मालक चांगला आहे, फक्त बोलतो फार. यंदा त्याचा सामानाच्या नावेचा माणूस आलाच नाही, फौजेच्या रस्त्याच्या कामाला गेला. तंबू, भांडी, पीठ, रॉकेल सगळं त्या एका नावेत जातं. ती नाही तर पाव्हण्यांनी खायचं काय, वाळू? टुंडुप चार दिवस माणूस शोधत फिरला. मी म्हटलं, मला शिकवा. तो म्हणाला, "आचे कुन्झेस, ती नाव आहे, कढई नव्हे." मी म्हटलं, "ठाऊक आहे. कढई जड असते."

सुकबहादूर हसला आणि मला घेऊन गेला. त्यानं एकच गोष्ट शिकवली: तोंड संकटाकडं ठेवायचं आणि जोर मागं ओढायचा. मी म्हटलं, बाबा रे, एकोणपन्नास वर्षं दुसरं काय केलं मी?

पहिल्या दिवशी काय झालं ते मीच सांगते, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. चिलिंगच्या खाली एक वळण आहे, जिथं हिवाळ्यात आबा आपल्याला गोठलेल्या नदीवरून उजव्या कड्याला चिकटून चालवायचे. काठी टेकली की खणखणीत 'ठक्'. बर्फ इतका जाड की वर याक नाचवावा. माझ्या हातांनी आपोआप नाव तिकडं ओढली. चाळीस वर्षं डोक्यात बसलंय, उजवीकडं मरण नाही. आणि आचे, तिथं पाणी उलटं फिरतं! जात्यात पडलेल्या जवासारखी मी गरागरा. वल्ही मारतेय, शिव्या देतेय, आणि सुकबहादूर काठावर बसून ओरडतोय, "दिदी, नदी खाली जाते, तू कुठं निघालीस?" सतरा फेऱ्या झाल्या. लोबझांगनं मोजल्या. तो छोट्या कयाकमध्ये पुढं असतो, पडलेल्यांना उचलायला. त्यानं दोरी टाकून मला बाहेर काढलं, आणि आता सगळा तळ मला 'सतराफेरी' म्हणतो.

फोटो पाठवतेय. एका पाव्हणीनं काढला. बघ आणि काय ते खरं खरं लिही.

छुर्पे संपलंय, चघळायला चीजचा तुकडा नाही. पाठव.

कुन्झेस


पिदमो, २ जुलै

प्रिय नोमो,

पत्र पोचलं. छुर्पे पाठवलंय, वरच्या पिशवीत जर्दाळू आहेत ते एकटीनं खाऊ नकोस.

वल्ही धरल्याचं वाचलं. या वयात बायका जपाची चक्रं फिरवतात, तू नाव फिरवतेस. पाण्यात लू राहतात, पाण्याचे देव, हे मी तुला सांगायला हवं का? हिवाळ्यात आपण त्यांच्या छपरावरून चालतो, तेही हळू, दबक्या आवाजात बोलत. आणि तू उन्हाळ्यात त्यांच्या घरात काठ्या ढवळतेस! मी ओनपोकडं जाऊन पंचांग बघून आले. यंदाचं वर्ष तुला पाण्याच्या बाबतीत वाईट आहे, असं तो स्वच्छ म्हणाला. तेव्हा कढई धर. कढई बुडत नाही.

मी बरी आहे. गुडघे तेवढे दुखतात. यंदा मी फारशी घराबाहेर पडत नाही, ऊन फार डोळ्यांवर येतं. जव चांगला आलाय म्हणतात.

फोटो सुंदर आहे. तुझा चेहरा कसा तजेलदार दिसतो! हसतेस छान.

स्पालझेस


चिलिंग, १९ जुलै

आचे,

कुठला चेहरा?

फोटोत मी नावेत ओणवी होऊन डब्यानं पाणी उपसतेय. माझं ढुंगण आहे त्या फोटोत, आणि वर हेल्मेट. तू तो बघितलासुद्धा नाहीस! बहीण एक फोटो पाठवते आयुष्यात, तर तो उलटा करून भिंतीला लावलास की काय? आणि हे अक्षर कुणाचं? तुझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यासारखं, ते मी अंधारातही ओळखीन. हे तर मोत्यांची माळ. लिहायला माणूस ठेवलास? घरात धाकट्या बहिणीला पत्र लिहायलाही वेळ नाही इतकी मोठी झालीस?

असो. रागावले आहे, पण मला तुझी गरज आहे, म्हणून राग नंतर.

परवा खंबीर रोट्या भाजताना डोक्यात उजेड पडला. तवा तसाच राहिला, तीन खंबीर कोळसा झाले. बर्फ कुठं जाड धरतो? जिथं पाणी आळशी असतं, कोपऱ्यात घुटमळतं तिथं. आणि कुठं धरत नाही? जिथं पाणी सुसाट खाली जातं तिथं. म्हणजे आबांनी आपल्याला जिथून चालायला शिकवलं ती सगळी नावेची कोंडी, आणि जिथं काठी 'ढप्प' करायची आणि आबा मानगूट धरून मागं ओढायचे, तीच नावेची वाट! सगळं शिकलेलं उलटं करायचं. मी तसंच पळत गेले आणि सुकबहादूरला सांगितलं. तो म्हणाला, "दिदी, हे शिकायला मला सहा वर्षं लागली, आणि दोनदा उलटलो."

त्या दिवसापासून एकही फेरी नाही. निम्मूपर्यंत अकरा वेळा गेले. सतराफेरी म्हणणाऱ्यांना आता चहात मीठ दुप्पट घालते.

आता खरं काय ते. टुंडुप म्हणतो, चिलिंग ते निम्मू म्हणजे पोरखेळ, एका दुपारचं काम. ऑगस्टमध्ये वरून, पादुमपासून, सगळी दरी उतरून दाखव. सामानाची नाव उलटली नाही, तर पुढच्या वर्षापासून ती नाव माझी. उलटली, तर मरेपर्यंत चूल, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. मी हातावर हात मारलाय.

नेराकपासून तिबच्या गुहेपर्यंतची नदी मला नीट आठवत नाही. मी लहानपणी तीनदाच चालले, मग चिलिंगला लग्न होऊन आले. तू मात्र दर हिवाळ्यात लोणी पाठीवर टाकून लेहला जायचीस. किती, बावीस हिवाळे? कुठं कुठं बर्फ धरायचा नाही, तेवढं सांग. तुझे लू आणि तुझा ओनपो यांना विचारून सांग हवं तर.

आणि स्वतःच्या हातानं लिही.

कुन्झेस


पिदमो, ३० जुलै

नोमो,

तू लहानपणापासून अशीच. वाढायच्या आधी ताट ओढणारी.

आमच्या गावच्या शाळेतल्या यांगडोलबाई लिहितात, मी सांगते. हात दुखतो माझा. एवढ्यावरून केवढं ते बोललीस! बाई लिहिताना हसत होत्या. फोटो मी बघितला होता, घाईत बघितला.

ओनपोचं म्हणशील तर मी त्याच्याकडं गेलेच नाही. मनानंच लिहिलं. मला वाटलं घाबरशील. पण तू कधी घाबरलीस म्हणून आता घाबरशील! परवा खरंच गेले. तो म्हणाला, "कुन्झेस? तिच्याबद्दल पंचांगाला काय विचारता, पंचांगच तिला विचारून लिहितात." लबाड मेला.

आता ऐक. नेराकचा धबधबा गोठून निळा उभा असायचा, तिथून खाली उतरलं की पहिल्या वळणाला मधोमध पाणी उघडं. दोन्ही बाजूंनी चालायचो, मधे नाही. पुढं एक काळा दगड झोपलेल्या झो बैलासारखा, त्याच्या डाव्या अंगाला कधी धरला नाही. तिथं थिकसेच्या एका माणसाचा घोडा गेला, खोगीरसुद्धा. मग लांबवर चांगलं, तिथं आम्ही गाणी म्हणायचो. आणि मग ते अरुंद, जिथं दोन कडे एकमेकांच्या कानात बोलतात. आठवतं? आबांनी आपल्याला उजव्या कड्याखाली पोटावर सरपटवलं आणि तू रडलीस. डावीकडं ऐन लोसारच्या थंडीतही पाण्यातून वाफ निघायची. तिथं बावीस हिवाळ्यांत एकदाही, एका रात्रीपुरताही बर्फ धरलेला मी पाहिला नाही. तुझ्या त्या उलट्या हिशेबानं काय करायचं ते तू ठरव.

मला विचारशील तर घरी बस.

स्पालझेस

कुन्झेस आचे, मी यांगडोल. हे त्यांना न वाचून दाखवता लिहिते आहे. तुमच्या बहिणीला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांवर पांढरं आलंय. गेल्या हिवाळ्यापासून भिंत धरून चालतात. तुमचा फोटो त्यांनी हातात धरून बराच वेळ कुरवाळला, मग मला म्हणाल्या, लिही, सुंदर आहे. लेहला २४ ऑगस्टला बाहेरचे डॉक्टर येऊन डोळे कापणार आहेत, दोनच दिवस. त्या म्हणतात गाडीत मला ओकाऱ्या होतात, मी मेले तरी त्या खिंडीवरून जाणार नाही, आणि कुन्झेसला कळवलंस तर तुझ्या घरचं दूध बंद. दूध बंद झालं तरी चालेल. तुम्ही काहीतरी करा.


पादुम, १८ ऑगस्ट

आचे,

घोडेवाल्याच्या हाती हे देतेय, तो उद्या दुपारी पिदमोला पोचेल. यांगडोलबाई, मोठ्यानं वाचा.

मला सगळं कळलंय. बाईंवर ओरडू नकोस, त्यांचं दूध चालू ठेव. तुझ्यावर मी ओरडेन, समोर आल्यावर.

आम्ही नावा घेऊन वर पोचलो आणि मागं ढग फुटला. खिंडीच्या खालचा पूल वाहून गेला. महिनाभर गाडी जात नाही. ओकाऱ्यांची काळजी मिटली. आता लेहला जायची वाट एकच उरलीय.

वीस तारखेला सकाळी काठावर येऊन बस. गोंचा जाड घाल. आबांची काठी घे, ती तुझ्याकडंच आहे. बाकी गाठोडं नको.

टुंडुपही इथं आहे, पाव्हण्यांना पोचवायला आला आणि पुलानं अडकला. तो म्हणाला, "आचे, वेडी झालीस का? न दिसणारी बाई, गुडघे दुखणारी, भरलेल्या नदीत! आणि तीही तुझ्या नावेत, जी तू या दरीतून एकदाही नेलेली नाहीस!" मी म्हटलं, "तर मग आजपासून स्वयंपाक तू कर." तो म्हणाला, "ही धमकी आहे." मी म्हटलं, "नाही, ही आजची भाजी आहे," आणि पळी त्याच्या हातात दिली. सहा पाव्हणे ताटं घेऊन त्याच्याकडं बघत बसले. सुकबहादूर म्हणाला, "साहेब, दोन महिने मी दिदीची नाव बघतोय. मी माझ्या आईला बसवलं असतं." तेव्हा कुठं त्यानं पळी परत दिली.

येणार नाही म्हणू नकोस. नाही म्हटलंस तर मी नाव काठाला बांधून तिथंच बसेन, आणि सहा पाव्हणे तुझ्या घरी जेवायला येतील.

कुन्झेस


चिलिंग, २३ ऑगस्ट

आचे,

काल टुंडुपच्या गाडीत बसून तू लेहला गेलीस आणि मला नावा धुवायला मागं राहावं लागलं. हे उद्या तिकडं जाणाऱ्या भाजीच्या गाडीनं पाठवतेय. तोवर तुझ्या डोळ्याला पट्टी असेल. वाचणाऱ्या सिस्टरबाई, मधे हसू नका, पेशंटला हलवायचं नसतं.

तू सबंध वाट विचारत होतीस, काय झालं, काय झालं, आणि मला श्वास नव्हता उत्तर द्यायला. आता ऐक, तुला जे दिसलं नाही ते.

पिदमोला तू काठावर बसली होतीस, काठी मांडीवर, जशी कुणी राणी खंडणी घ्यायला बसावी. मी म्हटलं होतं की ओरडेन. ओरडले नाही. लोबझांगनं तुला उचलून पिठाच्या पोत्यांवर बसवलं, लाइफ जॅकेट बांधलं, तेव्हा तू त्याला म्हणालीस, "इतकं घट्ट तर लग्नातही कुणी बांधलं नव्हतं." तो लाल झाला. तेही तुला दिसलं नाही.

पहिला दिवस सोपा गेला. दुसऱ्या दिवशी नेराकच्या वर पाणी बदललं. वर पुन्हा पाऊस झाला होता. नदी चहासारखी झाली, आपल्या नव्हे, खालच्या मुलखातल्या गोड चहासारखी, लाल. काळा झोपलेला झो पाण्याखाली गेला होता, नुसता एक फुगवटा दिसत होता. तू विचारलंस, "झो आला का?" मी म्हटलं, "बुडाला." तू म्हणालीस, "मग त्याच्या डावीकडून जा, घोड्यासारखी." गेलो. थेंबही आत आला नाही.

मग ते अरुंद. सुकबहादूरची नाव पुढं, त्यात पाव्हणे आणि टुंडुप. ती वळणाआड गेली. मला पुढचं काही दिसेना. पाणी कड्यावर आपटून धूर, आवाज असा की स्वतःचं ओरडणं ऐकू येईना. आचे, खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. पंचांगाला न घाबरणारी मी. आणि घाबरल्यावर माणसाचे हात काय करतात? लहानपणी शिकलेलं करतात. माझ्या हातांनी नाव उजवीकडं ओढायला घेतली. आबांच्या कड्याकडं.

तेव्हा तू काठी हाणलीस. माझ्या उजव्या बोटांवर! अजून सुजलीत. "गाढवे, उजवीकडं आपण सरपटलो! वाफ डावीकडं! डावीकडं जा!" तुला काहीच दिसत नव्हतं, तरी तू मान डावीकडं वळवून बसली होतीस, जशी वाफ गालाला लागतेय.

तोंड उजव्या कड्याकडं केलं आणि दोन्ही वल्ही छातीशी येईपर्यंत ओढली. एकदा. दोनदा. खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. तिसऱ्यांदा ओढलं आणि नाव डावीकडच्या सुसाट पाण्याच्या गुळगुळीत जिभेवर चढली. मग काही करायचंच नव्हतं. नदीनं उचललं आणि नेलं. तुझी किंकाळी मला वाटलं भीतीची, तर तू गात होतीस! त्या लांबच्या चांगल्या बर्फावरचं गाणं!

आणि आता ते ऐक ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले. उजवीकडं, आबांच्या कड्याखाली, सुकबहादूरची नाव गरागरा फिरत होती. त्याची नेहमीची खूण पाण्याखाली गेली, त्याला डावीकडं वळायला एक क्षण उशीर झाला. सहा पाव्हणे, एक उस्ताद आणि एक मालक, जात्यातल्या जवासारखे. टुंडुप नावेच्या तळाशी, दोन्ही हातांनी दोर धरून. मी त्यांच्या शेजारून गेले, आचे, अगदी शेजारून, आणि ओरडले, "साहेब! नदी खाली जाते, तुम्ही कुठं निघालात?"

हसू आवरलं मग. खाली पहिल्याच आळशी पाण्यात मी नाव घुसवली. तिथं हिवाळ्यात बर्फ जाड असतो, मला ठाऊक होतं. कयाक घेऊन खाली थांबलेल्या लोबझांगनं दगडाला दोर बांधला, मी पिशवीतली दोरी त्यांच्याकडं फेकली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा टुंडुपच्या हेल्मेटवर पडली. आम्ही तिघांनी ओढलं. होय, तिघांनी, तू पोत्यांवर बसून मागून दोर धरला होतास, मी बघितलं. ते बाहेर आले.

सुकबहादूर काठावर उतरला, लाल फडकं पिळलं आणि म्हणाला, "दिदी, किती फेऱ्या झाल्या?" मी म्हटलं, "मोजल्या नाहीत, काम होतं." लोबझांगनं मोजल्या होत्या. नऊ.

इथं चिलिंगला उतरल्यावर टुंडुप माझ्याजवळ आला, बुटांतून पाणी गळतंय. मला वाटलं भाषण करेल. त्यानं खिशातून रंगाची डबी काढली आणि सामानाच्या नावेच्या नाकावर स्वतःच्या हातानं लिहिलं, कुन्झेस. अक्षर वाईट आहे. पण नाव माझं आहे. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी स्वयंपाकाला कोण?" मी म्हटलं, "तुला पळी धरता येते. मी बघितलंय."

खांदा दुखतोय. जेवण आज दुसऱ्यांनी केलं, खारट होतं, मी दोनदा वाढून घेतलं.

तुझी काठी नावेतच राहिली. गाडीबरोबर पाठवू का?

कुन्झेस


लेह, २९ ऑगस्ट

नोमो,

हे मी स्वतः लिहिते आहे. चिखलातून कोंबडी गेली आहे, ओळख.

एका डोळ्याची पट्टी पंचवीसला काढली. आधी डॉक्टरच्या सदऱ्याची बटणं दिसली. चार. एक तुटलेलं. मग भिंतीवरची माशी दिसली आणि मी रडायला लागले, तर सिस्टर ओरडली, रडू नका, टाके भिजतील. मी म्हटलं, बाई, माशी दिसली, माशी! दुसरा डोळा पुढच्या शिबिरात.

तुझं पत्र वाचताना ती चारदा हसली. आता खोलीतल्या सगळ्या बायकांना तोंडपाठ आहे. शेजारच्या खाटेवरची नुब्राची म्हातारी मला 'काठीवाली' म्हणते.

मी तुझ्यापासून लपवलं ते चुकलं. पण कळवलं असतं तर तू काय केलं असतंस? वल्ही टाकून माझ्याकडं धावत आली असतीस, चुलीशी बसली असतीस, आणि आपण दोघी आंधळ्या झालो असतो. ओनपोची थाप मारली, कारण तू बुडालीस तर मला दिसलंही नसतं कुठं बुडालीस. ते सगळ्यात वाईट वाटायचं.

नावेत मी भ्याले नाही. तुला दिसत होतं म्हणून तू भ्यालीस. मला तर सबंध वाट पांढरी शुभ्र होती, बर्फाची, आणि आबा पुढं चालत होते.

गोंचाच्या खिशात तो फोटो होता. काल उन्हात नेऊन नीट बघितला. खरंच ढुंगण आहे. पण नोमो, मी लिहिलं होतं ते तसंच राहू दे. सुंदर आहे.

पुढच्या जूनमध्ये पहिली नाव पिदमोला थांबव. बघायची आहे मला ती नदी एकदा, डोळ्यांनी, वरून खालपर्यंत.

काठी पाठवू नकोस. मला आता लागत नाही. नावेतच बांधून ठेव, उजव्या बाजूला. हात तिकडं गेला की बोटांना लागेल.

स्पालझेस